रायडिंग मोअरला मागचे टायर कोणते घालावेत? लॉनचे की दातेरी?

ओहोळकाठ

नमस्कार मंडळी.

अमेरिकेत ओहायोत, सिनसिनाटीच्या बाहेर सव्वा एकराचा प्लॉट आहे. घराबरोबर आधीच्या मालकाचा लॉन ट्रॅक्टरही (बसून चालवायचा, गवत कापायचा रायडिंग मोअर) पदरात पडला. ४२ इंची डेक (पोटाखालचा पात्यांचा भाग), हायड्रोस्टॅटिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअर, इंजिन ठणठणीत. पाती, बेल्ट, बॅटरी सगळं बघून झालं, राहिले टायर. मागचे दोन्ही पार गोटा झालेत आणि बाजूंना चिरा पडल्यात. पुढचे अजून दोन-तीन वर्षं सहज काढतील. मागचं माप २०×८.००-८, पुढचं १५×६.००-६.

खरी डोकेदुखी मागच्या उताराची. घरामागची जमीन ओहोळाकडे उतरत जाते आणि माती चिकण. एप्रिल-मेमध्ये पाऊस लागला की ती लवकर सुकत नाही, गवत मात्र वाढायचं थांबत नाही. चढताना मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, गवत सोलून निघतं आणि खालची माती उघडी पडते. शेजारचे आजोबा जन्मभर मक्याची शेती केलेले. ते म्हणतात, ट्रॅक्टरसारखे दातेरी टायर घाल, विषय संपला. टायरवाला म्हणतो, दातेरी घातलेस तर लॉन विसर. आणखी एकाने २०×१०.००-८ असे रुंद टायर सुचवलेत.

इथे रायडिंग मोअरवाले बरेच आहेत म्हणून विचारतो. तुम्ही काय घातलंत, आणि पस्तावलात का?

खडूस_काका

आधी हवा किती आहे ते सांगा.

मीनलताई_जॉर्जिया

आमच्याकडे दातेरीच आहेत. अटलांटाच्या उत्तरेला लाल चिकण माती, उतार तुमच्यासारखाच. काही बिघडलं नाही. सरळ रेषेत चाललात तर दाते गवतात रुततात आणि पुढे जातात, बस्स. वाट लागते ती वळताना. जागच्या जागी चाक वळवलं की प्रत्येक दाता कुदळीसारखा माती उचकटतो. म्हणून मी उताराच्या वर, सपाटीवर जाऊन मोठा वळसा घेते.

पण एक फरक आधीच सांगते. आमचं गवत बर्म्युडा. ते जमिनीखालून आणि वरूनही धावतं, उघडा पडलेला चट्टा उन्हाळ्यात आपणहून भरतो. तुमच्याकडे ओहायोत बहुतेक टॉल फेस्क्यू असेल. ते जागच्या जागी झुपके करून वाढतं, फारसं पसरत नाही. एकदा सोललं की सप्टेंबरमध्ये बी टाकेपर्यंत तसंच. केंटकी ब्लूग्रास मिसळलेलं असेल तर थोडं भरून येईल. तेव्हा आधी गवत कुठलं ते बघा, टायर नंतर.

द्राक्षबाग_निफाड

बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच ना हो ताई? आमच्या बागेतून हरळी काढता काढता दोन पिढ्या गेल्या. आणि तुम्ही ती पैसे मोजून लावता, वर तिला खत घालता, आणि मग कापायला ट्रॅक्टर घेता!

मीनलताई_जॉर्जिया

@द्राक्षबाग, हो, तीच. पाणीसुद्धा घालतो, ऐकून तुम्हाला आणखी वाईट वाटेल. गणपतीला दूर्वा मात्र अंगणातल्याच, तेवढा एक फायदा.

हवालदार

काकांनी एका ओळीत जे विचारलं तेच मी विस्ताराने लिहितो, कारण या विषयावर माझा आयडी उगाच नाही.

लॉन ट्रॅक्टरच्या टायरला गाडीसारखी हवा लागत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये पुढे १४ आणि मागे १० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास आकडा असतो. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा, सीटखाली स्टिकरही असतो कधीकधी. टायरच्या अंगावर जो आकडा छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा. लोक तोच बघून पंपाने २०-२२ मारतात. मग टायर मधोमध फुगतो, जमिनीला फक्त मधली पट्टी टेकते आणि ओल्या गवतावर चाक फिरत राहतं. नक्षी कितीही भारी असो, ती टेकलीच नाही तर उपयोग काय?

उलट फार कमी हवा असेल तर उतारावर आडवं जाताना टायरची कड रिमवरून सरकते आणि सगळी हवा एका दमात जाते. ती जागाच अशी असते की तिथे जॅकही नीट लागत नाही.

दोन्ही मागच्या टायरांत सारखी हवा हवी. एकात ६, दुसऱ्यात १२ असेल तर डेकही तेवढाच तिरका होतो. डेक लेव्हल करायच्या सूचना वाचा, पहिली ओळ बहुधा हवा तपासा अशीच असते. लोक मात्र डेकचे नटबोल्ट पिळत बसतात.

गाडीचं गेज इथे चालणार नाही, १० च्या खाली ते काहीही दाखवतं. एटीव्हीच्या (रानात चालवायच्या चारचाकी बाइकच्या) सामानात कमी दाबाचं गेज मिळतं, ते घ्या. आधी हवा नीट करून एकदा उतार चढून बघा, मग टायर घ्या.

गुळांबा

हवालदारसाहेब, चलान कुठे भरायचं?

ओहोळकाठ

@हवालदार, गेज मागवतो. पण टायर गोटा आहेत ते आहेतच, बदलावे तर लागणारच. चिराही आहेत.

@मीनलताई, गवत नक्की कुठलं ते माहीत नाही. पानं रुंद आहेत आणि झुपके दिसतात, म्हणजे तुम्ही म्हणता तेच असावं.

अप्पा_पेनसिल्वेनिया

रुंद पानं, झुपके म्हणजे फेस्क्यूच. दातेरीचा नाद सोडा.

मापाबद्दल कोणी बोललंच नाही. २०×८.००-८ मध्ये पहिला आकडा टायरची बाहेरून उंची, दुसरा रुंदी, तिसरा रिमचा व्यास, सगळं इंचांत. शेवटचा आठ बदलता येत नाही, कारण तो रिमचा. पहिला वीससुद्धा बदलू नका. उंच टायर घातला की मागचा भाग उचलला जातो, डेक पुढे झुकतो, कापण्याची उंची बदलते आणि हायड्रोवर ताण वाढतो. छोट्या ट्रॅक्टरांचे सीलबंद हायड्रो आधीच फार दणकट नसतात, चढावर ते तापतात.

आठाऐवजी दहा रुंदी बसेल की नाही हे रिमच्या रुंदीवर आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचं पोट सुटतं, म्हणजे पुन्हा मधलीच पट्टी टेकणार. शिवाय आतल्या बाजूला डेकचा कोपरा आणि वर फेंडर (मडगार्ड), दोन्हीकडे बोट जाईल इतकी तरी जागा हवी. टायरवाल्याला रिमची रुंदी मोजून सांगा, तो कंपनीचा तक्ता बघून सांगेल. बसत असेल तर रुंद टायर चिकण मातीला चांगला, कारण वजन पसरतं आणि चाकोऱ्या कमी पडतात.

आणि मागचे दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक झिजलेला असं केलं तर दोन्हींचा घेर वेगळा होतो आणि मधलं डिफरन्शियल सरळ चालतानाही काम करत बसतं.

रिकामा_न्हावी

थोडं अवांतर. अप्पा, तुम्ही पेनसिल्वेनियातले म्हणून आठवलं, कार्लाइल टायरचं नाव तुमच्याच कार्लाइल गावावरून ना? मोअरच्या टायरवर तेच नाव सगळीकडे दिसतं.

अप्पा_पेनसिल्वेनिया

हो. १९१७ साली तिथे कार्लाइल टायर अँड रबर सुरू झाली, सुरुवातीला गाडीच्या आतल्या ट्यूब बनवायची. पुढे लॉन आणि बागेच्या टायरांत मोठं नाव झालं.

वाळूजकर

नाव कार्लाइलचं घ्या नाहीतर कोणाचं, पण एकदा बीकेटीही बघा. बालकृष्ण इंडस्ट्रीज, ऑफिस मुंबईला, एक कारखाना आमच्या वाळूजला. शेती, खाणी, बंदरं, लॉन, मुख्यतः अशा रस्त्याबाहेरच्या कामाचे टायर बनवतात. माल बहुतेक परदेशीच जातो, त्यामुळे इथल्या माणसाला नाव फारसं माहीत नसतं. इटलीच्या फुटबॉलमधल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगलाच २०१८ पासून सेरी बीकेटी म्हणतात!

लॉनसाठी त्यांचा एलजी ३०६ म्हणून टायर आहे, चौकटीचौकटीची बुटकी नक्षी. तुमच्या मापात मिळतो का बघा. ओहायोत बसून वाळूजच्या टायरवर गवत कापा, आम्हाला इथे बरं वाटेल.

गुळांबा

म्हणजे माल वाळूजचा, ट्रॅक्टर अमेरिकेचा आणि हरळी निफाडची. आता फक्त इंधन कोल्हापूरच्या उसाचं घाला.

खडूस_काका

ओहायोत पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुतेक १० टक्के इथेनॉल असतंच. ते मक्याचं, एवढाच फरक.

द्राक्षबाग_निफाड

ओहोळकाठ भाऊ, आमची पद्धत सांगू का? बागेत छोटा ट्रॅक्टर चालवतो, दोन ओळींत मावेल असा. ओल्यात चाक फिरायला लागलं की आम्ही मागच्या टायरमध्ये पाणी भरतो. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा आणि व्हॉल्व्हपर्यंत पाणी येईस्तोवर भरायचं, म्हणजे अंदाजे पाऊण टायर भरतो. उरलेल्या जागेत हवा. वजन खाली येतं, ट्रॅक्टर बसका होतो, पकड वाढते. खर्च शून्य. पंक्चर निघालं तर मात्र पंक्चरवाल्याची आंघोळ होते.

हवालदार

युक्ती बरोबर आहे, इथेही करतात. पण ओहायोत जानेवारीत साध्या पाण्याचा टायरमध्येच बर्फ होईल. म्हणून पूर्वी कॅल्शियम क्लोराइड मिसळायचे, त्याने रिम गंजतात आणि गळलं तर तिथलं गवत मरतं. हल्ली कोणी बीटच्या रसापासून केलेलं द्रव घालतं, कोणी काच धुवायचं हिवाळी निळं पाणी.

शिवाय २०×८ चा टायर किती मोठा? आत जेमतेम चार-पाच गॅलन मावेल, म्हणजे चाकामागे साधारण ४० पौंड. त्यापेक्षा रिमला बाहेरून बोल्टने लावायची लोखंडी वजनं मिळतात, काढता-घालता येतात. पण चिकण ओल्या मातीत वजन वाढवलं की चाकोरीही खोल जाते, हे लक्षात ठेवा. चाक फिरणं आणि चाक रुतणं हे दोन वेगळे आजार आहेत.

नंदिनी_ग

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

सगळे पकड कशी वाढवायची ते सांगताहेत. उतार किती अंशांचा आहे हे कोणीच विचारलं नाही. रायडिंग मोअरच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये १५ अंशांची मर्यादा दिलेली असते. म्हणजे दहा फूट आडवं गेलात तर पावणेतीन फुटांच्या आसपास चढ. डोळ्यांना तो फार वाटत नाही. एक लांब सरळ फळी गवतावर उतारालगत ठेवा, तिच्यावर फोन ठेवून लेव्हलचं अॅप उघडा आणि वाचा.

रायडिंग मोअरच्या जीवघेण्या अपघातांत मशीन उलटणं हे मोठं कारण आहे, आणि लॉन ट्रॅक्टरला बहुधा डोक्यावर वाचवणारी कमान नसते. चाक घसरतंय ही गोष्ट मशीन तुम्हाला सांगतंय की इथे येऊ नकोस. दातेरी टायर लावून तुम्ही फक्त तो इशारा बंद करता. मग माणूस आणखी चार फूट खाली जायला धजावतो, आणि तुमच्याकडे तर खाली ओहोळ आहे. काठाची माती पावसाने पोखरलेली असते, वरून दिसत नाही.

बसून चालवायच्या मशीनने उतारावर वर-खाली जायचं, आडवं नाही. ढकलायच्या मोअरने उलट, आडवं जायचं, म्हणजे पाय घसरला तरी मशीन अंगावर येत नाही. आणि गवत ओलं असेल तर दोन्ही नको.

मीनलताई_जॉर्जिया

नंदिनी, इशारा बंद होतो हे तुझं म्हणणं पूर्ण पटलं नाही. गोटा टायरवर उतरताना मशीन घसरत खाली गेलं तर काय? चांगली पकड ही सुरक्षेचाच भाग आहे. आमचा उतार १२ अंश भरतो आणि जुन्या टायरांवर मला ब्रेक दाबूनही खाली जाताना पोटात गोळा यायचा. दातेरी लावल्यावर तो गेला.

नंदिनी_ग

१२ अंशांवर माझंही काही म्हणणं नाही गं. त्यांचा किती आहे ते कळू दे आधी. आणि गोटा टायर बदलूच नका असं मी म्हटलेलं नाही, नवे लॉनचे टायर गोट्यापेक्षा कितीतरी पकडतात. नवे टायर आणि १० पीएसआय हवा, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

झिरो_टर्न_झंप्या

आमच्यासारख्या झिरो टर्नवाल्यांसाठी (जागच्या जागी वळणारा मोअर) एक भर. यात स्टिअरिंग मागच्या चाकांच्या वेगातल्या फरकावर चालतं, पुढची नुसती गरगर फिरणारी कॅस्टर. मागचं चाक घसरलं की पकड तर जातेच, दिशाही जाते. लॉन ट्रॅक्टर घसरला तर निदान पुढची चाकं वळवता येतात. म्हणून उतार असेल तर झिरो टर्न घेऊच नका, टायर कुठलेही असोत.

आमच्या पुढच्या चाकांना मी हवेऐवजी भरीव रबराचे घेतले, पंक्चरची कटकटच मिटली. मागे तसले घेत नाहीत, फार धक्के बसतात. मिशेलिनचा ट्वील म्हणून बिनहवेचा, लवचिक आऱ्यांचा येतो, तो मागेही चालतो. किंमत बघून मी टॅब बंद केला.

काटेकोर

पंक्चरवरून आठवलं. ओहोळाच्या काठाला पांढऱ्या फुलांची, मार्च-एप्रिलमध्ये उग्र वास मारणारी झाडं आहेत का? कॅलरी पेअर. ब्रॅडफर्ड पेअर म्हणून लोकांनी हौसेने दारात लावलं, आता त्याची रानटी पिल्लावळ सगळीकडे उगवते आणि तिला बोटभर काटे असतात. ओहायोत २०२३ पासून ते झाड विकायला आणि लावायला बंदी आहे, पेनसिल्वेनियातही नंतर आली. पण उगवलेल्याचं काय? आमच्याकडे छाटलेल्या फांद्या गवतात राहिल्या आणि नवे कोरे टायर गेले. बाभळीचा काटा परवडला, निदान दिसतो तरी. हनी लोकस्ट (तेही काटेरी झाड) असेल तर विचारूच नका.

तेव्हा दोन प्लायऐवजी (प्लाय म्हणजे टायरच्या थरांची ताकद) चार प्लायचे घ्या. थोडे कडक असतात, पण कड मजबूत असते.

ओहोळकाठ

आहेत! काठाने रांगच आहे. आम्ही फोटो काढून इथे-तिथे टाकले होते, किती सुंदर म्हणून.

काटा गेला तर काय करायचं, ट्यूब घालायची की ते हिरवं सीलंट?

काटेकोर

बारीक भोकं असतील तर सीलंट बरं. चाक फिरवत राहायचं, ते आतून पसरतं. मात्र पुढे कधी टायर रिमवरून काढायची वेळ आली की तो चिकट लगदा पुसताना टायरवाला तुमच्या नावाने बोटं मोडतो. काही दुकानं तर हातच लावत नाहीत.

ट्यूब घालणार असाल तर आधी टायरच्या आतून हात फिरवून, जाड हातमोजे घालून, प्रत्येक काटा चिमट्याने उपटा. अर्धा मोडलेला एक जरी राहिला तरी नवी ट्यूब पहिल्याच दिवशी जाते.

बाजूच्या चिरांतून हवा जात असेल तर ट्यूब हा तात्पुरता उपाय. तो टायर संपलेलाच आहे.

गुळांबा

आता मला एवढंच कळलं की अमेरिकेत एक एकर घेण्यापेक्षा बाल्कनीत तुळस बरी.

सिद्धू_मिशिगन

माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. त्याच ट्रॅक्टरला हिवाळ्यात पुढे फाळ लावून ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलायचा आहे. मग दातेरी फायद्याचे ना?

अप्पा_पेनसिल्वेनिया

घट्ट बर्फ आणि डांबरावर दातेरी फारसे चालत नाहीत, दाते कमी जागेवर टेकतात आणि घसरतात. ते मातीसाठी आहेत. डांबरावर चालवून झिजतातही लवकर, आणि बसल्या जागी हाडं खिळखिळी होतात. लॉनचेच टायर ठेवा, वर साखळ्या आणि मागे वजन. साखळी घेताना फेंडरला घासणार नाही एवढी जागा मोजा.

पाना_पक्कड

टायर स्वतः बदलणार असाल तर हे वाचा. दुकानात सुटं चाक घेऊन गेलात तर मजुरी कमी पडते. अख्खं मशीन ट्रेलरवर नेऊ नका.

मागचं चाक बोल्टने नसतं, बऱ्याच लॉन ट्रॅक्टरांत अॅक्सलच्या टोकाला एक ई-क्लिप असते. प्लास्टिकची टोपी काढा, क्लिप स्क्रू ड्रायव्हरने सरकवा. ती सुटताना गोळीसारखी उडते, म्हणून वर फडकं धरा. मग वॉशर, मग चाक. आत अॅक्सलच्या खाचेत एक चौकोनी लोखंडी चावी असते, ती गवतात पडू देऊ नका. तिच्याशिवाय अॅक्सल फिरेल आणि चाक जागेवर राहील. वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा. जुन्या मशीनवर चाक गंजून अॅक्सलला धरलेलं असतं. तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी रबरी हातोड्याने आतल्या बाजूने ठोका. परत घालताना अॅक्सलला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) फासा, पुढच्या वेळी दुवा द्याल.

नवा टायर रिमवर चढवल्यावर कड बसत नाही, हवा भरली की बाजूने फसफस निघून जाते. तेव्हा टायरच्या मधोमध रॅचेटचा पट्टा आवळा, कडा बाहेर ढकलल्या जातात. साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची आतली पिन काढून कॉम्प्रेसरने एकदम हवा सोडा. टक असा आवाज दोनदा आला की बसला. मग पट्टा सैल करा. स्टार्टर फ्लुइड मारून काडी लावायचे व्हिडिओ दिसतात, ते बघून टाळ्या वाजवा आणि पुढे जा. हात महत्त्वाचे आहेत.

व्हॉल्व्ह नवा घाला. दोन डॉलरचा असतो आणि जुना तडकलेला असतोच.

मीनलताई_जॉर्जिया

दातेरी घेतलेच कोणी, तर दिशा बघून बसवा. आमच्या इथल्या एका दुकानाने दोन्ही उलटे बसवून दिले होते. व्हीचं टोक जमिनीला आधी टेकलं पाहिजे, म्हणजे चिखल बाजूंना ढकलला जातो. बाजूवर बाण असतो, पण तो बघायला बघणारा लागतो. परत खोलायला लावलं, वर पुन्हा पैसे मागत होते.

पाना_पक्कड

दिलेत?

मीनलताई_जॉर्जिया

नागपूरची आहे मी.

ओहोळकाठ

मंडळी, अहवाल.

गेज आलं. डाव्या मागच्या टायरात १९, उजव्यात ७ निघाले. आधीच्या मालकाने काय हिशोब केला होता देव जाणे. दोन्ही १० वर आणले आणि गवत कोरडं असताना चढून बघितलं. गोटा टायरवरसुद्धा वरचा अर्धा उतार सहज चढला, आणि डेकच्या एका बाजूला न कापलेल्या गवताची लांब पट्टी राहायची ती राहिली नाही. हवालदार, चलान भरायला तयार आहे.

मग फळी आणि फोन घेऊन उतार मोजला. वरचा भाग ९ ते ११ अंश, मध्ये १३, आणि ओहोळाच्या काठाची शेवटची पट्टी १८. नंदिनी, ती पट्टी आजपासून सोडली. शेजारच्या आजोबांना सांगितलं तर म्हणाले, आधीचा मालक तिथे कधी जायचाच नाही, मला वाटलं तुला माहीत असेल! तिथे आता गवत वाढू देणार, वर्षातून एकदा पाठीवरच्या ट्रिमरने कापेन. पेअरची झाडं हिवाळ्यात काढायला माणूस बघतोय, फांद्या एकत्र करून नेण्याच्या अटीवर.

टायर लॉनच्या नक्षीचेच ठरवले, गोल खांद्यांचे, चार प्लाय. माझा रिम अरुंद निघाला, त्यामुळे दहा रुंदी रद्द, २०×८.००-८ च. वाळूजकर, दोन ठिकाणी चौकशी केली आहे, एलजी ३०६ आधी मिळाला तर तोच.

वाळूजकर

फोटो टाका. नाव दिसेल असा.

खडूस_काका

चार प्लायवर हवा ८ करून बघा. मॅन्युअलने परवानगी दिली तरच. ते कडक असतात, १० ला थोडे उचलून बसतात.

पाना_पक्कड

चाक उचलताना जॅक हायड्रोच्या पोटाला लावू नका, ते अॅल्युमिनियमचं असतं. फ्रेमखाली लाकडी ठोकळा ठेवून तिथे लावा. आणि हायड्रो असल्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर द्या. पार्किंग ब्रेक मागच्याच चाकांवर असतो, ती उचलली की ब्रेक काही कामाचा राहत नाही.

ओहोळकाठ

हे माझ्या लक्षातच आलं नसतं. धन्यवाद. जुन्या टायरांचं काय करता तुम्ही लोक? आजोबा म्हणतात कुंड्या कर.

काटेकोर

करू नका. आत पाणी साठतं आणि डासांची पैदास होते. काउंटीचा जुने टायर गोळा करायचा दिवस असतो, वेबसाइटवर तारीख मिळेल. रिम मात्र देऊन टाकू नका, टायर सोडवून घ्या.